एपीटी : पॅकेज काढताना लागणारा कस

डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणालींवर टर्मिनलमधून (कमांड लिहून चालवण्याच्या खिडकीतून) सॉफ्टवेअर बसवायचे म्हटले की एपीटी हे नाव प्रथम येते. १९९९ साली आलेल्या डेबियन २.१ पासून ते त्या प्रणालीचा भाग आहे. मी ते अनेक वर्षे रोज वापरत आलो आहे आणि माझ्या मते या साधनाची योग्यता पॅकेज (सॉफ्टवेअरचा बसवण्याजोगा गठ्ठा) काढण्याची वेळ येते तेव्हाच नीट कळते.

बसवण्याचे काम ते चोख करते. ‘इन्स्टॉल’पुढे पॅकेजचे नाव दिले की ते आणखी कशाकशावर अवलंबून आहे याचा शोध घेतला जातो, सर्व फाइली रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) उतरवून त्यांची सत्यता तपासली जाते आणि प्रत्यक्ष बसवणी डीपीकेजी या पॅकेज बसवण्याच्या मूळ साधनाकडे सोपवली जाते. नवख्यांची गफलत होते ती ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन शब्दांत. पहिल्याने केवळ उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. बसवलेली पॅकेजे नव्या आवृत्तीवर जातात ती दुसऱ्याने.

काढण्याच्या बाबतीत मात्र थोडे थांबून समजून घ्यावे लागते. ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण त्याच्या प्रणालीस्तरीय सेटिंगच्या फाइली जागेवर राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील सेटिंगना मात्र दोन्ही कमांड हात लावत नाहीत. हा भेद ठाऊक नसताना मी बिघडलेला वेब सर्व्हर तीनदा काढून पुन्हा बसवला आणि तिन्ही वेळा तीच चूक समोर आली, कारण चुकीची फाइल होती तिथेच होती. चौथ्या वेळी वैतागून ती फाइल हाताने पुसली, तर पुन्हा बसवल्यावर ती परत आलीच नाही : वापरकर्त्याने मुद्दाम पुसलेली सेटिंगची फाइल डीपीकेजी आपणहून परत ठेवत नाही. ‘पर्ज’ करून नव्याने बसवल्यावर सर्व्हर सुरू झाला. वापरकर्त्याने केलेले बदल जपण्याची ही रीत मला आज अत्यंत योग्य वाटते. डेटाबेसच्या काही पॅकेजांत ‘पर्ज’ करताना साठवलेला डेटाही पुसायचा का, असे विचारले जाते. तिथे उत्तर देण्याची घाई करू नये.

‘ऑटोरिमूव्ह’ ही सोय मला विशेष आवडते. कोणते पॅकेज आपण मागून घेतले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आले, याची नोंद एपीटी ठेवते आणि ती गरज संपली की मागे उरलेले पॅकेज काढता येते. तरीही होकार देण्यापूर्वी पडद्यावर येणारी यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. पायथन ३ (प्रोग्रामिंग भाषा) स्वतंत्रपणे बसवले आहे, तेव्हा प्रणालीतले जुने काढून टाकू, अशा समजुतीने मी एकदा ‘रिमूव्ह’ दिले, तेव्हा जाणाऱ्या पॅकेजांत डेस्कटॉपचे कितीतरी भाग दिसले. वेळीच नकार दिला म्हणून निभावले. ‘सिम्युलेट’ हा पर्याय जोडल्यास काहीही न बदलता नुसता परिणाम दाखवला जातो; तो आधी वापरण्याची सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली.

या ठिकाणी एपीटीत मला एक खरी उणीव जाणवते. मी ज्या आवृत्त्या वापरल्या, त्यांत बहुतेक वेळा नुसते एंटर दाबले तरी होकार धरला जातो, आणि शेकडो पॅकेजे काढण्यासारख्या निर्णयाला हा उंबरठा फार खाली आहे. प्रणालीला अत्यावश्यक असलेले पॅकेज काढू लागल्यास कडक इशारा मिळतो, परंतु डेस्कटॉप त्या वर्गात मोडत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत यादी स्तंभांत मांडली जाते व जाणारी पॅकेजे लाल रंगात दिसतात, त्यामुळे नजर तिथे लगेच जाते. ही सुधारणा कितीतरी आधी व्हायला हवी होती.

स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडांची फाइल) लिहिणाऱ्यांनी जुनी एपीटी-गेट कमांडच वापरावी, कारण २०१४ मध्ये आलेल्या सुटसुटीत ‘एपीटी’ कमांडच्या आउटपुटचे स्वरूप बदलू शकते, असे ती स्वतःच बजावते. आणि एखादे पॅकेज चुकून गेलेच, तर लॉगच्या फोल्डरमध्ये एपीटीची ‘हिस्टरी’ ही फाइल उघडावी : कोणत्या दिवशी कोणत्या कमांडने काय काय गेले, हे तिथे आवृत्ती क्रमांकासह लिहिलेले असते आणि त्यावरून गेलेली पॅकेजे पुन्हा बसवता येतात.