सासूबाईंच्या वडिलांचं आडनाव शोधताना झालेली फसवणूक

एक लाख बारा हजार रुपये गेले. पण त्याहून जास्त खुपतं ते हे, की सासूबाईंच्या पासपोर्टची आणि आधार कार्डाची प्रत मी स्वतःच्या हाताने एका लबाड माणसाला पाठवली. लिहायला जड जातंय. पण आर्मेनियन पूर्वज शोधणारी माणसं आपल्याकडे थोडी का होईना आहेत, आणि हा माणूस अजून गिऱ्हाईकं शोधतोच आहे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ८४ वर्षांच्या. माहेर आर्मेनियन. त्यांचे वडील इराणमधल्या इस्फहानला लागून असलेल्या नव्या जुल्फाचे. पोरवयात कोलकात्याच्या आर्मेनियन शाळेत शिकायला आले ते परत गेलेच नाहीत. पुढे नोकरीसाठी मुंबईत आले. आईंचं लग्न मराठी घरात झालं, आणि गेली साठ वर्षं त्या आमच्याइतक्याच मराठी आहेत. गेल्या वर्षी आजारातून उठल्यावर त्यांनी एकच मागितलं, "बाबांचं खरं आडनाव काय होतं, तेवढं शोधून दे गं."

अडचण नेमकी तिथेच होती. भारतात आलेल्या आर्मेनियन लोकांची नावं इंग्रजी अमलात बदलत गेली. होव्हानेसचा जॉन झाला, हकोबचा जेकब, हारुत्युनचा अराथून. शिवाय आपण वडिलांचं नाव मधे लावतो तसं ते बरेचदा शेवटी लावत, आणि तेच आडनाव होऊन बसे. म्हणजे पिढी बदलली की आडनावही बदललं. आईंचे वडील कागदोपत्री 'जॉन जेकब' होते. होव्हानेस, हकोबचा मुलगा, यापलीकडे हाताला काही लागत नव्हतं.

तेवढ्यात फेसबुकवर हा भेटला. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये राहतो, वंशावळी शोधून देतो म्हणाला. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याने आईंना 'जान' म्हणून हाक मारली. आर्मेनियन माणसं मायेने असं म्हणतात. आईंचे बाबा त्यांना असंच हाक मारायचे. सत्तर वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि आई ढसाढसा रडल्या. त्या क्षणी माझी सगळी सावधगिरी संपली.

आधी साठ डॉलर. तीन दिवसांत निरोप आला की तुमचं घराणं 'मेलिक', म्हणजे सरदारांचं. आज मला माहीत आहे की मेलिक म्हणजे प्रामुख्याने काराबाखच्या डोंगरी मुलखातले सरदार. जुल्फाचे लोक व्यापारी. शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये अरस नदीकाठचं जुनं जुल्फा रिकामं करून त्यांना इस्फहानला नेऊन वसवलं, आणि त्यांच्याच पेढ्या पुढे सुरत, मद्रास, कोलकात्यापर्यंत पोचल्या. तेव्हा मात्र मी हरखून गेले. घराण्याचं मानचिन्ह आलं, ते आम्ही फ्रेम करून आईंच्या पलंगासमोर लावलं.

मग दर पंधरा दिवसांनी नवी मागणी. दफ्तरखाना दुरुस्तीसाठी बंद होणार, आत्ताच पैसे भरा. कारकुनाला काहीतरी द्यावं लागेल. पैसे दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर, आणि बँकेच्या फॉर्मवर कारण 'भेट' असं लिहायचं. हे का, ते नंतर बँकेतल्या साहेबांनी सांगितलं: भेट म्हणून दिलेले पैसे फसवणुकीचे होते हे सिद्ध करणं फार कठीण जातं. एकदा त्याने कोरीव क्रुसाच्या दगडाचा, खाचकारचा, फोटो पाठवला. जुन्या जुल्फाच्या कब्रस्तानातला तुमचा पूर्वज, मागच्याच महिन्यात माझ्या माणसाने काढला, म्हणे. ते कब्रस्तान आता नख्चिवानमध्ये, म्हणजे अझरबैजानच्या ताब्यात येतं, आणि २००५ च्या अखेरीपर्यंत ते पुरतं उद्ध्वस्त केलं गेलं. हे मी पाच मिनिटांत शोधू शकले असते. शोधलं नाही.

शेवटी आर्मेनियाच्या नागरिकत्वाचं निघालं. आर्मेनियन वंशाच्या माणसाला तिथला कायदा नागरिकत्व सवलतीने देतो, हे खरं आहे. बाप्तिस्म्याचा दाखला पुरावा म्हणून चालतो, हेही खरं. या खऱ्या गोष्टींच्या आडूनच त्याने आईंची कागदपत्रं काढून घेतली, आणि त्यांच्या वडिलांच्या १९०२ च्या बाप्तिस्म्याची नोंद म्हणून एका ओळीचा फोटो पाठवला. अख्खं पान नाही, दफ्तराचा क्रमांक नाही, नुसती एक ओळ.

मी तो मोठा छापून आईंच्या हातात दिला. त्यांना आर्मेनियन वाचता येत नाही. पण त्यांच्याकडे बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक आहे, पहिल्या पानावर बाबांच्या हातचं नाव. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बाबांचं नाही. बाबांच्या नावात पहिला तीन असतो."

पुस्तकातलं पहिलं अक्षर खरंच आपल्या ३ सारखं होतं. फोटोतलं वेगळंच.

कोलकात्यात आर्मेनियन वाचता येणाऱ्या एका बाईंना मी दोन्ही पाठवलं. त्यांनी उलगडून सांगितलं. होव्हानेस हे नाव जुन्या लेखनात 'यी' या अक्षराने सुरू होतं आणि उच्चार 'ह' होतो. सोव्हिएत आर्मेनियाने १९२२ मध्ये शुद्धलेखन बदललं, तेव्हापासून तिथे ते 'हो' या अक्षराने लिहितात. इराणमधल्या आर्मेनियन लोकांनी जुनंच लेखन ठेवलं. म्हणजे १९०२ ची जुल्फाची नोंद आणि शुद्धलेखन मात्र वीस वर्षांनी आलेलं. शिवाय जुल्फाच्या वांक मठाचं स्वतःचं दफ्तर इस्फहानातच आहे. त्या नोंदीसाठी येरेवानच्या कारकुनाला पैसे कशाला द्यायचे?

मी त्याला एवढंच विचारलं, पूर्ण पान पाठवता का? त्याने मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आईंच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, त्यांच्या सगळ्या खात्यांवर बँकेला लक्ष ठेवायला सांगितलं. पैसे परत आलेले नाहीत.

खरं काम फुकटात सुरू करता आलं असतं, हे आता कळतंय. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर शोध घ्यायला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात भारतातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी आहेत. कोलकात्याचं आर्मेनियन नाझरेथ चर्च १७२४ पासून उभं आहे, आणि मुंबईचं आर्मेनियन चर्च, सेंट पीटर्स, आमच्या हाकेच्या अंतरावर, फोर्टमध्ये. तिथे मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते लाखभर रुपये गेल्यानंतर.

फ्रेम आईंनी स्वतःच उतरवायला सांगितली. त्या जागी आता पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स आहे. दुपारी त्या कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे पेन्सिलीने ते नाव उतरवत बसतात. सुरुवात तीनपासून.