मालक बदलला आणि आपलं रेडिओ स्टेशन परकं झालं

५ पैकी २ स्टार, तेही आवाज क्लिअर येतो आणि जुनी गाणी अजून लावतात म्हणून. मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीने स्टेशन घेतलं, नाव तेच ठेवलं, पण सकाळचा शो आता दुसऱ्याच शहरातून येतो आणि तोच शो एकाच वेळी कितीतरी स्टेशनांवर वाजतो, इथलं म्हणाल तर जाहिराती आणि जिंगल तेवढी. रात्रीचं सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं, व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात त्याला. परवा इकडे धो धो पाऊस, रस्ता बंद, आणि आरजे वीकेंडचे प्लॅन विचारतोय, फोन लावला तर कोणी उचलेचना, खूप वाईट वाटलं. खर्च वाचतो हे कळतं हो. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती स्टेशनं असावीत ही मर्यादाच काढली, मग क्लिअर चॅनल नावाच्या एकाच रेडिओ कंपनीकडे हजाराच्या वर स्टेशनं गेली. पण रेडिओ ऐकतो तो कोणीतरी आपल्यातलं बोलतंय म्हणून ना, नुसती गाणी तर मोबाईलवर पण आहेत! दुपारचा लोकल शो अजून आहे, त्या ताई लाइव्ह असतात, फोन घेतात, तेवढा नक्की ऐका.