छोटा ब्लॉक की मोठा ब्लॉक: हॅमिंग (७,४) आणि रीड-सोलोमन (२५५,२२३)

डेटा पाठवताना किंवा साठवताना काही बिट (० किंवा १) बिघडले तर ते शोधून दुरुस्त करता यावेत, यासाठीचे हे दोन कोड. हॅमिंगमधे डेटाचे ४-४ बिटचे तुकडे करायचे, प्रत्येकाला ३ पॅरिटी बिट (म्हणजे तपासणीचे जादा बिट) जोडायचे, झाला ७ चा ब्लॉक. १९५० चा कोड आहे पण अजूनही शिकायला याच्याइतका सुंदर दुसरा नाही, कागदावर हाताने सोडवता येतो. एक बिट उलटला तर नेमका कुठला ते कळतं. पण त्याच ब्लॉकमधे दोन उलटले की संपलं, डिकोडर, म्हणजे दुरुस्ती करणारा भाग, तिसराच चांगला बिट "दुरुस्त" करून ठेवतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही!

रीड-सोलोमन १९६० चा, हा बिट मोजतच नाही, बाइट मोजतो. २२३ बाइट डेटा, ३२ पॅरिटी, आणि १६ बाइटपर्यंत कुठेही बिघडू देत, दुरुस्त होतात, एका बाइटमधले आठही बिट गेले तरी ती एकच चूक, म्हणून सलग नुकसान झालं तर हा जबरदस्त. व्हॉयेजर अवकाशयानाच्या फोटोंसाठी हाच वापरला. जास्तीचा भार पूर्ण ब्लॉकच्या जेमतेम साडेबारा टक्के, हॅमिंगचा मात्र ४३!

फक्त पूर्ण ब्लॉक येईपर्यंत थांबावं लागतं, गणितही जड, त्यामुळे रॅमसारख्या ठिकाणी, जिथे उत्तर लगेच हवं, तिथे मी हॅमिंगचंच मोठं रूप घेईन, ६४ बिटला ८ तपासणीचे. रेडिओ लिंकला मात्र रीड-सोलोमनच.