शंभर गाण्यांचा फोन : मोटोरोला रॉकर ई १

७ सप्टेंबर २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी सादर केलेला मोटोरोलाचा रॉकर ई १ हा आयट्यून्सची, म्हणजे अ‍ॅपलच्या संगीत सॉफ्टवेअर व ऑनलाइन दुकानातली, गाणी वाजवणारा पहिला फोन होता. अमेरिकेत तो सिंग्युलर या मोबाइल कंपनीकडे, दोन वर्षांच्या करारासह सुमारे २५० डॉलरला मिळत असे. यंत्र म्हणून तो मला अजूनही उजवा वाटतो. त्याला दोन बाजूंना दोन स्पीकर होते, गाण्यांसाठी स्वतंत्र बटण होते आणि फोन आला की गाणे आपोआप थांबत असे.

मात्र या फोनमध्ये शंभरच गाणी ठेवता येत होती, आणि ही मर्यादा जागेची नसून सॉफ्टवेअरने घातलेली होती. सोबत ५१२ एमबीचे कार्ड मिळे. तीन मिनिटांचे भावगीत १२८ केबीपीएसने (किलोबिट प्रति सेकंद) साठवले तर सुमारे तीन एमबी जागा घेते, म्हणजे शंभर भावगीतांना ३०० एमबी पुरतात आणि उरलेल्या जागेत आयट्यून्सचे एकही गाणे चढत नाही. अर्ध्या तासाचा ख्याल मात्र एकच गाणे म्हणून मोजला जाई, त्यामुळे शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ही अट जाणवण्याआधी कार्डच भरले असते. गाणी संगणकावरून यूएसबी १.१ च्या संथ वेगानेच भरावी लागत, फोनच्या नेटवर्कवरून ती विकत घेण्याची सोय नव्हती. त्याच कार्यक्रमात जाहीर झालेला अ‍ॅपलचा ४ जीबीचा खिशातला संगीतवादक आयपॉड नॅनो जवळपास त्याच किमतीत हजार गाणी घेत होता, तेव्हा ग्राहकाने काय निवडावे हे सांगायला नको.

माझ्या मते यात मोटोरोलापेक्षा बाजाराच्या रचनेचा दोष अधिक आहे. अ‍ॅपलला आयपॉड जपायचा होता, तर मोबाइल कंपन्यांना गाणी स्वतःच्या नेटवर्कवरून विकायची होती. त्याच वर्षी स्प्रिंट या अमेरिकी मोबाइल कंपनीने आपले संगीत दुकान उघडले तेव्हा तिथे एका गाण्याला अडीच डॉलर पडत, आणि आयट्यून्सवर ९९ सेंट. ज्या गाण्यांचे पैसे ग्राहकाने एकदा मोजले आहेत, ती त्याच्या फोनवर मोकळेपणाने वाजावीत यात यांपैकी कोणाचाच फायदा नव्हता.

भारतात जीएसएम (सिमकार्डवर चालणारे मोबाइल तंत्र) ग्राहक हँडसेट एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसऱ्याकडून घेत असल्यामुळे मोबाइल कंपनीला फोनच्या आत हात घालायला फारसा वाव नव्हता. सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ८०० आय किंवा पुढे आलेला नोकियाचा ५३१० एक्स्प्रेसम्युझिक घेणाऱ्याला कार्डात मावतील तेवढी गाणी भरता येत. रॉकर आज संग्रहासाठी अवश्य घ्यावा, पण गाणी ऐकण्यासाठी जुना फोन हवा असेल तर माझी पसंती निःसंशय ५३१० ला आहे, कारण त्याला नेहमीचा ३.५ मिमीचा हेडफोन थेट लागतो.