पक्की गॅलरी, फोल्डिंग गॅलरी की पाइप जोडून उभी केलेली? घ्यायच्या आधी हे बघा

हॉलमध्ये किंवा मैदानावर प्रेक्षकांना बसायला पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी करायची म्हटलं की कमिटीत पहिला प्रश्न येतो, किती माणसं मावतील? मला विचाराल तर तो दुसरा प्रश्न. पहिला हा, की वर्षातले किती दिवस ती जागा तुम्हाला मोकळी हवी आहे. याचं खरं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय झालाच समजा.

मोकळी कधीच नको असेल तर सरळ पक्की काँक्रीटची करा. तिचा मोठा फायदा मजबुतीपेक्षा चढाचा, म्हणजे प्रत्येक ओळ पुढच्या ओळीपेक्षा किती उंच ठेवता येते याचा आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा किती वरून आपली नजर जाते याला डिझाइनवाले सी व्हॅल्यू म्हणतात, १२० मिमी असेल तर मस्त, ९० चांगली, ६० म्हणजे कशीबशी, आणि ती टिकवायची तर मागे जाल तसा प्रत्येक ओळीचा चढ थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो, जे काँक्रीटमध्ये सहज जमतं. पण चुकलं की चुकलं. एका नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये मी अख्खी मॅच मान वाकडी करून बघितलीय, कारण पुढच्या रेलिंगचा पाइप बरोबर डोळ्यांसमोर आणि जवळची साइडलाइन त्याच्यामागे गायब! आता ते रेलिंग कोण हलवणार?

इनडोअर हॉल असेल, सकाळी बॅडमिंटन, संध्याकाळी कार्यक्रम, तर फोल्डिंग म्हणजे टेलिस्कोपिक गॅलरी. सगळ्या ओळी एकमेकींखाली सरकून भिंतीलगत कपाटासारख्या उभ्या राहतात, बघायलाच भारी वाटतं. पण ओळी एकात एक जायच्या म्हणून चढ बहुतेक वेळा सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे ओळी जितक्या जास्त तितकी मागच्यांची नजर पुढच्यांच्या डोक्यात अडकते. दहा-बारा ओळींपर्यंत मला ती आवडते, त्यापुढे सॅम्पल बघितल्याशिवाय हो म्हणू नका. दुसरं म्हणजे चाकं. सगळं वजन छोट्या छोट्या चाकांवर येतं, खाली लाकडी फ्लोअर असेल तर तो ते पेलेल का हे फ्लोअरवाल्याकडून लेखी घ्या. आणि बंद करताना एक बाजू पुढे, एक मागे राहिली की ती तिरकी होऊन अडकते, मग चार जण ढकलत बसतात, त्यात कोणाची बोटं सापडायला वेळ लागत नाही. मोटरवाली घेतली तरी चालवणारा माणूस शिकवलेलाच हवा.

पाइप जोडून केलेली गॅलरी वर्षातून एखाद-दोन स्पर्धांपुरती उत्तम, काढली की जमीन मोकळी. पण माझी सगळ्यात जास्त काळजी हिच्याच बाबतीत. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या बास्तियात फुटबॉलच्या मॅचआधी घाईघाईत उभ्या केलेल्या गॅलरीचा वरचा भाग कोसळला, माणसं गेली, हजारांवर जखमी झाली. नुसत्या वजनाचं गणित पुरत नाही, गोल झाला की सगळे एका तालात उड्या मारतात आणि सांगाडा आडवा हलतो, म्हणून सांगाडा हलू न देणारे तिरके ब्रेसिंग पाइप आणि खांबांखालच्या फळ्या स्वतः वाकून बघा. दरवेळी नव्याने जोडली की दरवेळी इंजिनिअरची तपासणी, मागच्या वर्षीचा कागद चालणार नाही.

कुठलीही घ्या, पायऱ्यांमधल्या फटी बंद हव्यात. लहान मुलाचा पाय जातो हे तर आहेच, पण कचरा खाली पडून साठतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडखाली असाच साठलेला कचरा पेटला आणि ५६ माणसं गेली.

बाकडं की बकेट सीट (एकेकाची साच्यातली खुर्ची) यावर फार वाद घालू नका, दोन-तीन तास बसायचं असेल तर पाठ टेकायला हवीच.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी ड्रॉइंगमधली सगळ्यात वाईट सीट शोधा, बहुतेक कोपऱ्यातली किंवा रेलिंगमागची असते, तेवढ्या उंचीवर एक खुर्ची ठेवा, पुढे एकाला बसवा, आणि जवळच्या साइडलाइनवर ठेवलेला बॉल दिसतो का बघा.