जर्मनीत पोचण्याआधीच डिपॉझिट गेलं: खोलीच्या नावाखाली फसवतात कसं

व्हिसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हातात पडतो, ऑक्टोबरला सेमिस्टर सुरू होतं आणि राहायला जागा नसते. जर्मनीला निघालेली आपल्याकडची मुलं नेमकी या महिना-दीड महिन्यात गंडतात. पद्धत वर्षानुवर्षं तीच आहे, फक्त शहर आणि फोटो बदलतात.

जाहिरात साधारण अशी असते: म्युनिक, युनिव्हर्सिटीपासून दहा मिनिटं, २२ चौरस मीटर, फर्निचरसकट, हीटिंग-वीज-इंटरनेट धरून ४५० युरो. म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधली, म्हणजे 'वे-गे'मधली साधी खोलीही ७००-८०० युरोंच्या आसपास जाते. पण पुण्यात बसून दीडशे मेसेज पाठवून थकलेल्या मुलाला हा फरक खटकत नाही, नशीब उघडल्यासारखं वाटतं. तासाभरात सविस्तर उत्तर येतं. फ्लॅट मुलीच्या शिक्षणासाठी घेतला होता, आता आम्ही लंडनला असतो, डिपॉझिट आणि पहिलं भाडं जमा झालं की किल्ली कुरिअरने पाठवतो, खोली आवडली नाही तर पैसे परत. विश्वास बसावा म्हणून सोबत पासपोर्टचा स्कॅन. तो स्कॅन बऱ्याचदा खराच असतो, पण आधी फसलेल्या कुणाचा तरी. पुढच्या मेसेजमध्ये तुमचा पासपोर्ट मागितला जातो, तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

फोटो मोठे करून भिंतीवरचं सॉकेट बघा. जर्मनीत सॉकेट गोल, खोलगट वाटीसारखं असतं, आत दोन गोल भोकं आणि कडेला धातूच्या दोन पट्ट्या. फोटोत तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश किंवा दोन उभ्या फटींचं अमेरिकन सॉकेट दिसलं, तर खोली जर्मनीत नाहीच. सॉकेट बरोबर असलं म्हणून खोली खरी असं मात्र नाही. तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला की कधीकधी दुसऱ्याच शहरातल्या हॉटेलचा निघतो.

गळाला लावलेलं खरं आमिष खोली नसतं, पत्त्याची नोंदणी असते. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. पुढे टॅक्स नंबर, रेसिडेन्स परमिट, काही बँकांत खातं, सगळं त्याच्यावर अडतं. नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तो सक्तीचा आहे. भामट्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून 'आनमेल्डुंग शक्य' हे शब्द जाहिरातीत ठळक असतात आणि सही केलेला कागद पैशांच्या आधीच ईमेलने येतो. तुम्ही तिथे राहायला गेलाच नाहीत, तर राहायला आल्याची खात्री देणारा कागद कुणी आधीच कसा देईल? एवढा एक प्रश्न बहुतेकांचा राहून जातो.

टेलिग्राम आणि फेसबुकवर 'नुसती आनमेल्डुंग, खोली नाही' असंही विकलं जातं. पैसे देऊन कागद मिळाला तरी तिथे न राहता पत्ता नोंदवणं बेकायदा आहे. असा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, नोंदवणाराही दंडातून सुटत नाही. आणि त्या पत्त्यावर येणारी तुमची सरकारी पत्रं कुणाच्या तरी हातात पडतात, ते वेगळंच.

आता पैशांचा मार्ग. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात, तेही तिथे जाऊन खातं चालू केल्यावर. म्हणून डिपॉझिट घरून जातं: वडिलांच्या खात्यातून, परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरून, अनोळखी माणसाच्या आयबॅनवर, म्हणजे युरोपातल्या बँकखात्याच्या नंबरवर. मालक लंडनला, फ्लॅट म्युनिकला आणि आयबॅन स्पेनचा किंवा लिथुआनियाचा, म्हणजे सुरुवात ईएस किंवा एलटी अशी. जर्मन आयबॅन डीईने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. पण डीई दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण दुसऱ्याच्या नावावर उघडलेली खातीही डीईचीच असतात. युरो देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून नाव आणि आयबॅन जुळतो का हे पैसे जाण्याआधी दाखवावं लागतं. भारतातून पाठवताना हा आधार धरू नका.

जर्मन कायद्यात डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंएवढं, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून उरणाऱ्या भाड्याएवढं. ते तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो, आधी नाही. विद्यार्थी वसतिगृहं चालवणारं श्टुडिरेंडेनवेर्क डिपॉझिट आधी मागतं हे खरं, पण खातं संस्थेच्या नावावर असतं आणि कार्यालय फोन करून पडताळता येतं. ते व्हॉट्सॲपवर खोल्या विकत नाहीत.

'प्रत्यक्ष बघूनच पैसे दे' हा घरच्यांचा सल्ला बरोबर, पण अपुरा. काही जण फ्लॅट चार-पाच दिवसांसाठी भाड्याने घेतात, एका दुपारी वीस जणांना दाखवतात आणि प्रत्येकाकडून रोख डिपॉझिट घेऊन पसार होतात. १ तारखेला दारात बॅगा घेऊन वीस जण. म्हणून दाखवणाऱ्याचं नाव बेलच्या पाटीवर आणि पत्रपेटीवर आहे का ते बघा. तो स्वतःच भाडेकरू असेल तर पोटभाडेकरू ठेवायची मूळ मालकाची लेखी परवानगी मागा. रोख देऊच नका, ट्रान्सफर किल्ली हातात घेतानाच.

आणखी एक, पैशांहून वाईट. 'भाडेकरूची ओळख पडताळायची आहे' म्हणून लिंक येते, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट हलवून दाखवायला सांगतात, एसएमएसवर आलेला कोड मागतात. तुमच्या नावाने बँकखातं उघडलं जात असतं. पुढचा फसलेला मुलगा त्यात पैसे भरतो आणि पोलिसांचं पत्र तुम्हाला येतं. कॉलवरच्या माणसाला थेट विचारा, कुठल्या बँकेचं खातं उघडताय? तो बहुतेकदा बँकेसाठी ओळख पडताळणारा खरा कर्मचारी असतो, उत्तर देईल, कारण त्यालाही तुम्ही खातं उघडताय असंच वाटत असतं.

पहिल्या महिन्यासाठी हॉस्टेल किंवा थोड्या दिवसांची पोटभाड्याची खोली, 'त्स्विशेनमीटं', घ्या. आनमेल्डुंगची अपॉइंटमेंट लवकर मागा. मोठ्या शहरांत ती दोन आठवड्यांपलीकडची मिळते, तेव्हा मुदतीत मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.

पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला ट्रान्सफर परत बोलवायला सांगा. भारतातून गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार, जर्मनीत राज्य पोलिसांच्या 'ऑनलाइनवाखं' या ऑनलाइन तक्रारीच्या साइटवर. जाहिरात, चॅट, आयबॅन यांचे स्क्रीनशॉट लगेच काढा, जाहिरात संध्याकाळपर्यंत गायब होते. व्हिसावर डाग लागेल या भीतीने बरीच मुलं गप्प बसतात. फसवलं गेल्याची तक्रार केल्याने व्हिसाला काही होत नाही. उलट तुमच्या नावाने खातं उघडलं गेलं असेल, तर तक्रारीचा नंबर हाच तुमच्याकडचा पुरावा, आणि बँक पहिल्याच पत्रात तोच मागते.