चिन्ह तेच, गाडी ती नव्हे

सकाळी गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून कर्रर्र असा आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. मग तो थांबायचा आणि गाडी दिवसभर गुपचूप चालायची. गाडी घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वॉरंटी असताना मी हा आवाज तीन वेळा सर्व्हिस सेंटरला सांगितला आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "मॅडम, या इंजिनचा आवाज असाच असतो. सगळ्यांच्याच गाड्यांना येतो." वॉरंटी संपली आणि सात महिन्यांनी तेच इंजिन भर रस्त्यात बंद पडलं. लक्झरी गाडी घेण्याचा विचार करत असाल किंवा नुकतीच घेतली असेल, तर हे पूर्ण वाचा.

त्या उत्तरावर माझा विश्वास का बसला, ते आधी सांगते. माझ्या मामांकडे याच कंपनीची जुनी गाडी होती. तीन लाख किलोमीटर झाल्यावरही तिचं दार लावलं की 'धप्' असा एकच भरीव आवाज यायचा, काच जराही थरथरायची नाही. लहानपणी मी ते दार उगाचच उघडून लावत बसायचे. शोरूममधल्या नव्या गाडीच्या बोनेटवर तेच चिन्ह पाहिलं आणि आतली गाडीही तशीच असणार हे मी धरूनच चालले. सेल्समनला मामांच्या गाडीबद्दल बोलले, तर त्याने तोच धागा पकडला. "मग तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर घरातच बघितलंय," म्हणाला. मी घरात बघितलेली गाडी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या हिशेबाने बनवली होती, हे त्याने सांगायचं काही कारण नव्हतं.

खुणा पहिल्याच वर्षात दिसायला लागल्या होत्या. स्टीअरिंगवरच्या बटणांचा काळा रंग नखाने सुटून खालचं पांढरट प्लास्टिक उघडं पडलं. मामांच्या गाडीत एसीला गोल नॉब होता, नजर रस्त्यावर ठेवून फिरवता यायचा. इथे स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागतं. डोळ्यांना दिसेल तिथे चामडं आणि हात पोचणार नाही तिथे स्वस्तातलं प्लास्टिक, असा सगळा मामला.

इंजिन बंद पडल्यावर गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालीची वेळ जुळवणारी साखळी, सरकली होती आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. "वापरामुळे झालेली झीज" असं कारण लिहिलं गेलं आणि दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात एक साधी गाडी आली असती. मी तीन तक्रारींची आठवण करून दिली. तिथल्या सल्लागाराने शांतपणे तिन्ही जॉब कार्डं, म्हणजे गाडीच्या तक्रारी आणि कामं लिहून घेण्याचे कागद, काढून समोर ठेवली. दोन कार्डांवर आवाजाचा उल्लेखच नव्हता. तिसऱ्यावर एवढंच होतं, 'जनरल चेकअप. ओके.' खाली माझी सही.

माझी फसवणूक झाली ती नेमकी इथे. प्रत्येक वेळी मी तोंडी सांगत राहिले, ते मान डोलावत राहिले आणि कागदावर काहीच उतरलं नाही.

मी गाडी तिथून उचलली आणि याच बनावटीची कामं करणाऱ्या एका बाहेरच्या मेकॅनिककडे दिली. वयस्कर माणूस, बोलायला कमी. त्यांनी इंजिनखालचं ऑइल चेंबर उघडलं, तेल ओढणारी जाळी काढली आणि तिच्यातलं एकेक वेचून पांढऱ्या फडक्यावर मांडलं. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे, काही नखाएवढे, काही तांदळाएवढे. "हे चेनचे गाइड," म्हणाले. गाइड म्हणजे चेन जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं तेल खाली उतरू शकतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि गाइडवर आपटते. तोच तो कर्रर्र आवाज. प्लास्टिक रोज थोडं थोडं फुटत गेलं, तुकडे जाळीत अडकले, तेलाचा दाब आणखी कमी झाला आणि शेवटी चेनने चाकाचा दात सोडला. वेळेवर बदलला असता तर टेन्शनर आणि गाइड एवढ्यावरच भागलं असतं.

मग त्यांनी नवा टेन्शनर माझ्या जुन्याशेजारी ठेवला. दोन्हींवरचा पार्ट नंबर सारखाच, फक्त शेवटचं अक्षर बदललेलं. म्हणजे कंपनीने तो भाग सुधारून नव्याने काढला होता. हा सुधारलेला भाग ते कधीपासून बसवताहेत, असं मी विचारलं. त्यांनी वही काढून दाखवली. माझ्या पहिल्या तक्रारीच्या आधीची नोंद होती. मला 'आवाज असाच असतो' सांगितलं जात होतं, तेव्हा सुधारलेला भाग बाजारात आलेला होता.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. माझ्या गाडीची कंपनी पुढच्या उदाहरणांत कुठेही नाही, पण नावावर जगण्याचा हा रोग जुना आहे. अमेरिकेतली पॅकार्ड एके काळी श्रीमंतांची पहिली पसंती होती. 'ज्याच्याकडे आहे त्याला विचारा' ही तिची जाहिरात. १९५४ मध्ये तिने स्टुडबेकर कंपनी घेतली आणि १९५७ ची पॅकार्ड म्हणजे मुळात स्टुडबेकरच, वर पॅकार्डचं नाव. १९५८ नंतर ते नावही संपलं. अमेरिकेतल्याच कॅडिलॅक या महागड्या बनावटीने १९८२ च्या मॉडेलांत शेव्हरोलेच्या साध्या कॅव्हेलियरवर बेतलेली सिमरॉन आणली आणि वर कॅडिलॅकचं चिन्ह लावलं. ती १९८८ मध्ये बंद झाली, नाचक्कीची आठवण मात्र राहिली. याच्या अगदी उलट लेक्सस, टोयोटाने नव्याने काढलेली लक्झरी बनावट. १९८९ मध्ये नवीकोरी एलएस ४०० बाजारात आली आणि थोड्याच महिन्यांत, मोजक्या तक्रारी येताच, कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या परत बोलावल्या. काही ग्राहकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन परत दिल्या. त्या नावाला जुना मान नव्हता. तो तिथे कमावला गेला.

आता कामाचं. गाडीत काहीही वेगळं वाटलं तर जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहायला लावा आणि ते लिहिल्याशिवाय सही करू नका. "लिहायची गरज नाही" असं उत्तर आलं तर तिथेच उभ्या उभ्या त्यांना मेल करा. थंड इंजिनचा आवाज असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. गाडी चालवत तिथे नेलीत तर इंजिन गरम झालेलं असतं, आवाज येणारच नाही. माझं पहिल्या दोन वेळा हेच झालं. घरी व्हिडिओ काढा, त्यात किलोमीटरचा आकडाही दिसू द्या. वॉरंटी संपायच्या दोन-तीन महिने आधी बाहेरच्या जाणकाराकडून गाडी पूर्ण तपासून घ्या. जुनी लक्झरी गाडी घेत असाल तर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर गाडी तुम्ही यायच्या आधी सुरू केली गेली आहे. ती थंड होईपर्यंत थांबा.

गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' आहे, बदलावं लागत नाही, हेही मला सांगितलं होतं. माझ्या गाडीतला गिअरबॉक्स दुसऱ्या बनावटीचा आहे, पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी बदलायला सांगते. 'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं आयुष्य, हे मी विचारायला हवं होतं.

कंपनीला मी सगळं लेखी कळवलं. दोन महिन्यांनी 'सद्भावना म्हणून' सुट्या भागांवर सवलत देऊ असं उत्तर आलं. सोबत एक कागद होता, यापुढे या विषयावर कुठेही तक्रार करणार नाही असं लिहिलेला, सहीसाठी. मी सही केली नाही. ते तुकडे आणि दोन्ही टेन्शनरचे फोटो तिन्ही जॉब कार्डांबरोबर एका पाकिटात घातले, आणि पुढची तक्रार त्यांच्यासकट गेली आहे.